जुनी पिकअप मिसिंग करतेय: आधी स्कॅनर, नवीन प्लग-कॉइल की कॉम्प्रेशन गेज?

जुन्या पेट्रोल पिकअपने मिसिंग सुरू केलं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळेनासं झालं, की जो तो एकच सांगतो, प्लग टाक नवीन. मीपण तेच केलं. आधी प्लग टाकले, मग वायरी, मग कॉइल, आणि गाडी न्यूट्रलला उभी केली की परत तशीच थडथड. शेवटी निघालं काय तर इनटेकच्या मागचा एक व्हॅक्युम पाइप वळणावर चिरला होता, बोटाने चीर दाबून धरली की इंजिन लगेच एकसारखं चालायचं. म्हणून आता कुणी विचारलं की मी तिन्ही रस्ते समोर ठेवतो आणि मग ठरव म्हणतो.

पण त्याच्याही आधी एक बघ, मिसिंग होतं कधी. फक्त आयडलवर, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, होत असेल आणि रेस दिली की जात असेल तर व्हॅक्युम लीक (इनटेकमध्ये चिरेतून जादा हवा शिरणं) नाहीतर व्हॉल्व्हकडे संशय जातो. चढावर, लोड असताना झटके मारत असेल तर स्पार्क कमी पडतोय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. पावसात, दमट हवेत वाढत असेल तर वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कॅप (जुन्या गाडीत एकेका प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण).

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या पोर्टला जोडून इंजिनच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचायचं यंत्र, लावायची सोय असेल तर पहिला नंबर त्याचाच, पण तो काय सांगतो ते नीट समजून घे. पी०३०३ आला म्हणजे ३ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे एवढंच, का आहे ते तो सांगत नाही, कॉइल बदल असं तर अजिबात सांगत नाही. पी०३०० म्हणजे एकच सिलिंडर पकडता येत नाहीये, तेव्हा सगळ्यांना मिळून जे लागतं ते बघायचं, हवा, पेट्रोलचं प्रेशर, जुन्यात कॅप-रोटर. आणि बरेच लोक कोड वाचून स्कॅनर काढून ठेवतात, खरी मजा लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनच्या आकड्यांत आहे. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-कमी करतोय तो आकडा) आयडलला खूप प्लसमध्ये आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल तर कुठूनतरी जादा हवा घुसतेय. उलट लोडवर प्लस वाढत असेल तर फिल्टर, पंप बघ. मी हे आधी बघितलं असतं तर माझा पाइप १० मिनिटांत सापडला असता. चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवत राहू नको, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो.

पार्ट बदलत जायचा रस्ता मला पटत नाही, प्लग बदलायची वेळच झाली असेल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा अदलाबदल कर, फुकटात होते. ३ ची कॉइल १ वर, ३ चा प्लग ४ मध्ये, कोड पुसून गाडी फिरवून आण. कोड १ वर गेला तर कॉइल, ४ वर गेला तर प्लग, ३ वरच राहिला तर इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन. प्लग काढलाच आहेस तर उजेडात फिरवून बघ, पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथूनच पळतोय, आणि तेव्हा प्लगसोबत त्याचं रबरी बूटपण बदलावं लागतं, नाहीतर जुनं बूट नव्या प्लगचीही तीच गत करतं.

गाडी स्कॅनरच्या आधीच्या काळातली असेल तर चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायचं, ज्याचा काढल्यावर आरपीएम पडत नाही तो सिलिंडर मेलेला. कार्बोरेटरवाली असेल तर हेच प्लगवायरने करतात, पण वायर हवेत लोंबकळत सोडू नको, इंजिन बंद करून ती बॉडीला अर्थ कर आणि मग चालू कर, झटका जबर बसतो आणि इग्निशन मॉड्युलपण जाऊ शकतं.

आता कॉम्प्रेशन गेज, प्लगच्या जागी लावून सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं मीटर. याचा लोक कंटाळा करतात कारण सगळे प्लग काढावे लागतात, पण जुन्या गाडीत महाग पार्ट घ्यायच्या आधी हे केलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. इंजिन गरम, पेट्रोल आणि इग्निशन बंद, एक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. सगळे आकडे थोडे कमी पण एकसारखे असतील तर घाबरायचं कारण नाही, फरक महत्त्वाचा, सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या पाऊण पटीच्या खाली नको. समज १६०, १५५, ९५, १५८ पीएसआय आले, तर त्या ९५ वाल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोज. चढला तर रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, आणि शेजारशेजारचे दोन पडलेले असतील तर गॅस्केटच धर.

म्हणजे पोर्ट असेल तर स्कॅनर आणि लगेच अदलाबदल, पोर्ट नसेल तर एकेक सिलिंडरचं कनेक्शन काढून बघणं, आणि दोष एकाच सिलिंडरला चिकटून बसला तर मधे काही विकत न घेता सरळ गेज. ऑइल टाकूनही ९५ चे ९५ च राहिले तरी हेड उतरवायची घाई करू नको, आधी वरचं कव्हर काढून टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) मोज, ती फट उरली नसल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल आणि अजून जळला नसेल तर नुसत्या सेटिंगने कॉम्प्रेशन परत येतं.