१२१०, कॉमेट की फार्गो? जुना ट्रक घेण्याआधी नाव वाचा

जुना ट्रक घेऊन पुन्हा उभा करायचा म्हटलं की आपल्याकडे निवड बहुधा तिघांत अडते: टाटा-मर्सिडीज, लेलँड कॉमेट, नाहीतर कुर्ल्याची डॉज-फार्गो.

यात टाटाचं नाव सगळ्यात जास्त माहिती देतं. १९५४ साली डायमलर-बेंझशी करार झाला आणि जमशेदपूरहून एल-३१२ निघू लागला. हा ३१२ मर्सिडीजच्या मॉडेल-मालिकेचा आकडा. त्यावरून वजन कळत नाही. पुढे मर्सिडीजने पद्धत बदलली. १२१० मधले पहिले दोन आकडे म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन टनांत, शेवटच्या दोनांना दहाने गुणा की अश्वशक्ती. १२ टन, साधारण १०० अश्वशक्ती. १६१२ आणि १९८६ ची ४०७ याच हिशेबाने वाचायची, ४०७ मध्ये वजनाचा आकडा एकच, ४. इंजिनाचा आकडा मात्र निराळा: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ६९७ चा बोअर ९७. म्हणून पिस्टन किंवा रिंगा मागताना दुकानदाराला '१२१०' सांगून भागत नाही, इंजिनावरचा आकडा सांगावा लागतो. एल-३१२ चं इंजिन प्रीचेंबरचं, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं; तो तापवणारे ग्लो प्लग गेले की थंडीत हटून बसतं. ६९७ मध्ये डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये) असल्याने तो त्रास नाही. आणखी एक: करार १९६९ ला संपला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पासिंग झालेल्या गाडीवर मर्सिडीजचा तारा दिसला तर तो मागून लावलेला आहे, त्याचे जादा पैसे देऊ नका.

लेलँडची तऱ्हा वेगळी. लँकेशायरच्या मूळ कंपनीने ट्रकांना प्राण्यांची नावं दिली: बीव्हर दोन अ‍ॅक्सलचा, हिप्पो तीन अ‍ॅक्सलचा, ऑक्टोपस आठ चाकी. १९४७ चा कॉमेट त्या मानाने हलका. १९४८ ला स्थापन झालेल्या अशोक मोटर्सने तो एन्नोरला जोडायला घेतला. १९५५ पासून कंपनीचं नाव अशोक लेलँड. इथेही खरी माहिती इंजिनाच्या आकड्यात आहे: ३५०, ३७०, ६८० हे घनइंच. ३७० म्हणजे सुमारे ६ लिटर, ६८० म्हणजे ११. जुन्या कॉमेटचे आटे इंची मापाचे. मिलिमीटरचा पाना लावला तर बोल्टची डोकी गोल होतात, मिलिमीटरचा बोल्ट दामटला तर आटे जातात. इंची पान्यांचा संच आणि ते काम जाणणारा फिटर नसेल तर कॉमेटच्या वाटेला जाऊ नये.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने काढलेली डॉज आणि फार्गो मुळात एकच गाडी, बिल्ला तेवढा वेगळा. पेट्रोलच्या कित्येक गाड्यांत नंतर पर्किन्सचं डिझेल इंजिन बसलं. पी-६ आहे की ६-३५४ (सहा सिलिंडर, ३५४ घनइंच) ते आधी बघा. पी-६ चे सुटे भाग मिळवणं जास्त जिकिरीचं. आरसी बुकात इंधन 'डिझेल' आणि बसवलेल्याच इंजिनाचा नंबर नसेल तर सौदा सोडून द्या.

तिन्ही गाड्या बहुतेक वेळा काउल-चासी म्हणून, म्हणजे केबिनशिवाय विकल्या जात. केबिन स्थानिक कारागिरांनी लाकडात बांधलेली. त्यामुळे केबिन मूळची आहे का यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. चासी बघा: पाट्यांच्या हँगरपाशी तडे, वरून मारलेल्या पट्ट्या, नंबरावर ग्राइंडरच्या खुणा. बंद पडलेलं इंजिन स्टार्टरने फिरवू नका. नोजल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग हाताने फिरवा. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय.

पहिलाच ट्रक असेल तर ६९७ ची १२१० घ्या. फार्गो मुंबईच्या कारखानदारीची खूण म्हणून जपण्यासारखी आहे, पण इंजिनाचे भाग आधी हाताशी हवेत.

आणि कागदांबद्दल: २०२१ चे केंद्रीय व्हिंटेज नियम ५० वर्षांवरच्या दुचाक्या आणि एम-१ वर्गातल्या प्रवासी चारचाकींसाठी आहेत. मालट्रक त्यात बसत नाही. व्हिंटेज गाड्यांचा 'व्हीए' नंबर मिळवून देतो असं विक्रेता म्हणाला, तर ॲडव्हान्स देण्याआधी आरटीओत स्वतः जाऊन विचारा.