डॉमिनोचा लाकडी संच: खेळायला उत्तम, पाडायला यथातथा

बडोद्यात रावपुऱ्याच्या दुकानांतून मिळणारा हा डबल-सिक्स संच (प्रत्येक सोंगटीच्या दोन भागांवर शून्य ते सहा ठिपके असलेला) घेताना पेटी तिथेच उघडा. सोंगट्या 28 हव्यात आणि शून्यापासून सहापर्यंत प्रत्येक अंक आठ वेळा यायला हवा. ठिपक्यांची बेरीज 168. एक सोंगटी जरी दुबार आली तरी डाव बिघडतो, कारण कोणाकडे काय उरलंय हे याच हिशेबाने ओळखायचं असतं.

ठिपके खोदून रंगवलेत, ते उत्तम. नुसते छापलेले महिन्याभरात पुसतात. दोघांनी सात-सात घ्यायच्या, 14 उरतात. चौघांत मात्र उचलायला काहीच उरत नाही, म्हणून जोडीने खेळण्यात खरी मजा आहे.

रांग लावून पाडण्यासाठी मात्र हा संच घेऊ नये. कडा गोल केल्यामुळे सोंगट्या डुगडुगतात, जाडीही सारखी नाही. अंतर उंचीच्या साधारण निम्मं ठेवा. उंचीपेक्षा जास्त झालं तर पुढच्या सोंगटीला धक्काच लागत नाही. 1954 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आग्नेय आशियातल्या देशांना लावलेली उपमा याच रांगेची: एक देश साम्यवाद्यांकडे गेला की शेजारचेही एकामागून एक पडतील. ती वापरणारे हे अंतर सहसा विसरतात. प्रत्यक्ष डावात काही पडत नाही, उलट दोन्ही टोकांना लागणारा अंक संपला की सगळं अडतं. राजकारणातल्या बऱ्याच युत्यांना हीच उपमा जास्त शोभेल!

पावसाळ्यात लाकूड फुगून सरकतं झाकण अडकतं. खाचेत थोडं मेण चोळावं.