वाणिज्य कायद्याचा ऑनलाइन कोर्स : वरूड-मोर्शीकडून सात महिन्यांचा अनुभव

हयातभर करार, मालविक्री आणि चेकचा कायदा शिकवलेल्या एका प्राध्यापकांचा हा रेकॉर्डेड कोर्स. बागेचे सौदे आणि कृषी केंद्राची उधारी सांभाळणाऱ्याला तो नक्की उपयोगी आहे. मात्र मूळ कायदा शेजारी हवाच. तो इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

सगळ्यात कसदार धडे १९३० च्या मालविक्री कायद्याचे. आपल्याकडे संत्र्याचा आंबिया बहार झाडावरच विकतात; इसार आधी, तोड नंतर. मधल्या काळात गारपीट झाली तर नुकसान कोणाचे? कलम २६ म्हणते, वेगळे ठरले नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची. मग मालकी सरकते कधी? सर उदाहरण देतात गोदामातल्या पोत्यांचे, ते आपण बागेला लावून बघायचे. विकणाऱ्याने वजन करून किंमत काढायची असेल, तर कलम २२ नुसार वजन होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी सरकत नाही. उक्त्या सौद्यात हा आधार नसतो. म्हणून इसारपावतीवर नुसते ‘बाग विकली’ लिहू नका. ‘काट्यावर वजन होईपर्यंत जोखीम अमक्याची’ ही एक ओळ भांडण वाचवते.

चेकचा धडा दोनदा ऐका. चेक परत आल्याचे बँकेकडून कळले, त्या दिवसापासून ३० दिवसांत नोटीस. लोक चेकवरच्या तारखेपासून मोजतात आणि घोळ करतात. नोटीस समोरच्याला ३ मार्चला मिळाली, तर पैशांसाठी १५ दिवस, म्हणजे १८ मार्चपर्यंत वाट पाहायची. १९ मार्चला तक्रारीचे कारण घडते आणि तिथून एक महिन्यात कोर्टात तक्रार. नोटिशीत मागणी चेकच्या रकमेचीच, रुपयाचाही फरक नको. व्याज आणि खर्च मागायचा तर वेगळा दाखवा. सगळे एकाच आकड्यात मिसळले की नोटीसच बाद ठरू शकते.

पुराव्याचा धडा मात्र जुना झालाय. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजसाठी तिथे अजून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ‘६५ ब’चे प्रमाणपत्र सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून निघणारा तिचा ओळख-आकडा) लिहावी लागते. हा धडा नव्याने रेकॉर्ड करायलाच हवा. पैसे घेऊन जुना कायदा शिकवणे बरोबर नाही.

गावात रेंज रडवते, म्हणून धडे रात्री ३६० पी वर उतरवून ठेवा. डाउनलोड ३० दिवसांनी आपोआप उडते, तेव्हा नोंदी वहीतच घ्या. चाचण्या ठीक.

उधारीचा धडा तूर निघायच्या आधी पाहा. वसुलीचा दावा लावायची मुदत ३ वर्षांची. ती संपायच्या आत खातेवहीत बाकी मान्य असल्याची सही आणि तारीख घेतली, तर मुदत नव्याने सुरू होते. संपल्यावर नुसत्या कबुलीने भागत नाही, करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे पैसे देण्याचे लेखी, सहीचे वचनच लागते. सही घेताना रक्कम अक्षरीही लिहून घ्या.