ट्रान्सिल्व्हेनियन हंगर की इन द नाइटसाइड एक्लिप्स, आधी कुठला ऐकायचा?

ब्लॅक मेटलची, म्हणजे हेवी मेटलच्या त्या काळोख्या, कर्कश शाखेची तोंडओळख झालीये, बँडची नावं पाठ आहेत, पण नीट बसून पहिला अल्बम कुठला ऐकावा इथे गाडी अडलीये अशांसाठी लिहितोय. डार्कथ्रोनचा ट्रान्सिल्व्हेनियन हंगर आणि एम्पररचा इन द नाइटसाइड एक्लिप्स, दोन्ही बँड नॉर्वेचे, दोन्ही अल्बम फेब्रुवारी १९९४ मध्ये आले, आणि तरी ऐकताना एकाच घरातले वाटतच नाहीत.

एम्पररचा नाइटसाइड म्हणजे भव्य प्रकार. बर्गनच्या ग्रीगहालेन सभागृहातल्या स्टुडिओत साउंड इंजिनियर पिटेनने रेकॉर्ड केलेला, मागे कीबोर्डचा समुद्र, आणि गायक-गिटारवादक इहसान तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता हे आठवलं की मी आजही थक्क होतो. चाली, रचना, सगळं डार्कथ्रोनपेक्षा श्रीमंत आहे हे मान्यच करायला हवं. ट्रान्सिल्व्हेनियन हंगर त्याच्या बरोबर उलटा, डार्कथ्रोनच्या फेनरिझने घरच्या फोर-ट्रॅकवर, म्हणजे चारच ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर, गिटार, बेस, ड्रम सगळं एकट्याने वाजवलं आणि नोक्टुर्नो कुल्टोने वर फक्त आवाज दिला, बस.

आता माझी अडचण सांगतो. मी ऐकतो रात्री, घरातले झोपल्यावर, स्पीकरचा आवाज अगदी बारीक ठेवून, कारण हेडफोन मला अर्ध्या तासाच्या वर सहन होत नाहीत. तेवढ्या आवाजात नाइटसाइडमधला कीबोर्ड तेवढा वर तरंगतो आणि गिटार खाली नुसती सरसर होऊन बसते, मग रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी चाल, ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की कीबोर्ड असा अंगावर येतो की हात परत नॉबवर. पहिलंच गाणं आठ मिनिटांच्या वरचं, आणि तेवढ्यात चार-पाचदा नॉब फिरवला की रंगाचा बेरंग होतो. कदाचित माझ्या स्पीकरचा दोष असेल, पण स्पीकर बदलूनही फार फरक पडला नाही.

डार्कथ्रोनला हा त्रासच नाही, कारण लपायला काही ठेवलेलंच नाहीये. पुढे गिटार, मागे तोच एक ठेका जवळजवळ अल्बमभर. पहिल्यांदा मला कंटाळा आला होता, खरंच. तिसऱ्या-चौथ्या वेळी पहिल्याच गाण्यात लक्षात आलं की रिफ तोच तोच फिरतोय पण मध्येच एखादा सूर खाली सरकतो, आणि तेवढ्यानेच पोटात खड्डा पडतो. बारीक आवाजातही तो सूर सुटत नाही.

एक गोष्ट मात्र माहीत असू द्या, या अल्बमच्या मूळ मागच्या कव्हरवर वंशवादी शब्द होते, नंतर ते काढले. मला ते तेव्हाही पटले नव्हते, आताही नाही. एम्पररच्या तेव्हाच्या ड्रमरला तर खुनाबद्दल शिक्षा झालेली, त्यामुळे माणसं बघून निवडायचं म्हटलं तर दोन्हीकडे हात आखडतो.

मोठ्या आवाजात मोकळेपणाने ऐकायची सोय असेल तर नाइटसाइड आधी घ्या, पस्तावणार नाही. पण माझ्यासारखं रात्री गुपचूप ऐकणार असाल तर मी ट्रान्सिल्व्हेनियन हंगरच सांगेन, फक्त दुसऱ्या गाण्यावर बंद करू नका, चौथ्या 'स्लॉटे इ दे फ्यार्ने'पर्यंत थांबा, दिवा घालवून.