फेंटानिलवरच्या पेशंटचं पोट साफ होईना: लॅक्टुलोज, पीईजी की आणि काय?

उसाचा हंगाम लागला की आमच्या कोल्हापुरात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात येतातच, मग व्हेंटिलेटर, फेंटानिलचं (अफूच्या जातीचं जोरदार वेदनाशामक) शिरेतनं सतत इन्फ्युजन, आणि भेटायच्या वेळेला नातेवाइकांचा पहिला प्रश्न, "सिस्टर, पोट साफ झालं काय ओ?" प्रश्न अगदी बरोबर आहे. हे औषध दुखणं थांबवतं तसं आतड्यालाही सुस्त करतं, मल तिथंच पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. मग नाकातल्या ट्यूबमधनं दिलेलं फीड पचत नाही, पोट फुगून छातीवर दाब येतो.

गेल्या हंगामात शिरोळकडचे एक मामा होते, मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या बेंबीवरनं टेप फिरवायची, पाचव्या दिवशी पोट चार सेंटिमीटरनं वाढलेलं. मामींनी पिशवीतनं इसबगोल काढलं. मी समजावलं, मामी हे आत्ता नको, आतडं हलतच नाही तर भुसा फुगून तिथंच अडकंल, ट्यूबही चोंदंल.

मग लॅक्टुलोज (गोड पातळ औषध) की पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळवायची पावडर)? दोन्ही आतड्यात पाणी धरून मल मऊ करतात. नेदरलँड्समध्ये २००७ साली ३०८ आयसीयू पेशंटवर हे तपासलं होतं, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेला दिखाऊ डोस) ३१ टक्क्यांना संडास झाली, लॅक्टुलोजवर ६९, पीईजीवर ७४, आणि मॉर्फिन (फेंटानिलच्याच जातीचं) चालू असलेल्यांत पीईजी सरस ठरलं. लॅक्टुलोजनं गॅस होतो, आधीच फुगलेल्या पोटाला ते सोसत नाही. पण लिव्हरचा पेशंट असंल आणि अमोनिया वाढलेला असंल तर लॅक्टुलोजच घ्या, दोन्ही कामं होतात. बाकी फेंटानिलवाल्याला माझं मत पीईजीला. दोन्हीला एक-दोन दिवस लागतात, कधी तीनही, त्यामुळं वाट बघायची तयारी ठेवा.

खाली खडा हाताला लागत असंल तर वरनं कितीही ओता, उपयोग नाही. तिथं बिसाकोडिल सपोझिटरी (गुदद्वारातनं ठेवायची गोळी), तासाभरात काम होतं. फॉस्फेट एनिमा किडनी खराब असंल तर नकोच, फॉस्फेट अंगात चढतं. प्लेटलेट कमी असतील तर खालनं काहीच घालायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

मिथाइलनालट्रेक्सोनचं इंजेक्शन फेंटानिलसारख्या औषधांचा आतड्यावरचा परिणाम उलटवतं, मेंदूत जात नाही त्यामुळं दुखणं परत येत नाही, ऐकायला छान, पण इंग्लंडात आयसीयूतल्या ८४ पेशंटवर बघितलं तर, २०२० साली आलं ते, प्लासिबोपेक्षा ठळक फरक दिसला नाही. म्हणून पहिल्यांदा तिकडं धावायला नको. आतड्याला खरंच अडथळा असंल तर वरच्यातलं कुठलंच औषध देऊ नका, आधी एक्स-रे आणि सर्जनला बोलवा.

मामांना पीईजी आणि एक सपोझिटरी, सातव्या दिवशी पहाटे झालं. तेव्हापासनं मी फेंटानिलची ऑर्डर आली की डॉक्टरांना त्याच वेळी विचारते, सर, पीईजी कुठल्या डोसनं लिहू?