हंटर एज्युकेशनचं कार्ड: एका सीझननंतर

मागच्या ऑगस्टमध्ये टेक्सासचा ऑनलाइन हंटर एज्युकेशन कोर्स, म्हणजे शिकाऱ्यांसाठीचा सुरक्षिततेचा कोर्स केला आणि तो पूर्ण केल्याचं कार्ड मिळालं. सप्टेंबरचे होले, नोव्हेंबरची व्हाइटटेल हरणं आणि एक कोलोराडोवारी झाली. आता लिहायला हरकत नाही.

नियम सोपा आहे. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीसाठी हा कोर्स लागतो. सतरा वर्षं पूर्ण असतील तर सगळा ऑनलाइन होतो. घाई असेल तर दहा डॉलर भरून कोर्ससाठी एकदाच मुदतवाढ मिळते, पण मग कोर्स केलेला किंवा सूट असलेला परवानाधारक शिकारी सोबत हवा. अमेरिकी सैन्यातले, तिथून सन्मानाने सेवामुक्त झालेले, टेक्सासचे नॅशनल गार्ड आणि पोलीस यांना सूट.

हे जेवताना सांगितलं तर बायकोचे मामा भडकले. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त, तेव्हा बेळगावहून आमच्याकडे आलेले. "आम्ही काय गोट्या खेळलो का?" भारतीय सेवा चालत नाही म्हटल्यावर ताटावरून उठायच्या बेतात होते. मग जन्मसाल विचारलं. १९५८! वयामुळेच सुटले. त्याचा त्यांना जास्तच राग आला.

खरी गंमत कोलोराडोला. माझा शिकारीतला जोडीदार माजी मरीन, म्हणजे अमेरिकी सैन्यातलाच, त्यामुळे टेक्सासमध्ये त्याला कार्डाची गरजच नाही. पण ही सूट टेक्सासपुरती. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कार्ड लागतं. माजी सैनिकांना आणि पन्नाशीपुढच्यांना कोर्स न करता थेट परीक्षा द्यायची सोय आहे, पण परीक्षा द्यावीच लागते. हे त्याला निघायच्या आठवडाभर आधी कळलं. माझं टेक्सासचं कार्ड तिथे बिनबोभाट चाललं. रात्री त्याला मी शिकवत बसलो, कमरेच्या वर अंगावर पाचशे चौरस इंच फ्लोरोसंट भगवा किंवा गुलाबी रंग दिसायला हवा, डोक्यावरही तोच. नेम माझ्या दसपट चांगला, पण हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसं नेमकी कुठे, तारेचं कुंपण ओलांडताना बंदूक आधी रिकामी करून पलीकडे कशी ठेवायची, मचाणावर सुरक्षेचा पट्टा कुठे बांधायचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

खटकलेलं एवढंच: व्हिडिओ संथ, आणि प्रत्येक पानावर ठरावीक वेळ थांबावंच लागतं. प्रत्यक्ष बंदूक हातात न घेता कार्ड मिळतं, हे मला अजून पटत नाही. मी नंतर रेंजवर चार शनिवार घातले.

एच-१बी या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी वेगळं: केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही, आणि जे मोजके अपवाद आहेत त्यांत वैध शिकार-परवाना येतो. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. म्हणून फोनवर आठवण लावा.