बिअर्डेड ड्रॅगनचा 'फुल सेटअप' घेताय? आधी बल्ब तपासा

इंग्लंडात बिअर्डेड ड्रॅगन पाळायला परवाना लागत नाही. वर्गात एकाकडे आला की बाकीची पोरं घरी जाऊन आईबापाचं डोकं खातात. आमच्या लेकीनंही तेच केलं. प्राणी तसा आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला, मूळचा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला. तिथून त्याची व्यापारी निर्यात बंद आहे, म्हणून बाहेरच्या देशांत विकली जाणारी पिल्लं बंदिवासातच पैदा झालेली असतात. पिल्लू सहज मिळतं. खर्च असतो तो त्याच्या घराचा: चार फूट लांब पेटी, उष्णतेचा दिवा, तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात तसले अतिनील किरण, देणारी ट्यूब. म्हणूनच 'फुल सेटअपसकट, फक्त नेऊन प्लग लावा' अशी जाहिरात दिसली की माणूस थांबतो. ती जाहिरात अशा थांबणाऱ्यांसाठीच लिहिलेली असते.

किंमत 220 पौंड. कारण ऐकून कुणालाही पाझर फुटावा: मुलगी युनिव्हर्सिटीत चालली, आता बघायला कुणी नाही, चांगलं घर मिळावं एवढीच इच्छा. आम्ही नवराबायको गेलो तेव्हा त्या गृहस्थानं चहा विचारला. पिल्लू तीन महिन्यांचं म्हणून सांगितलं. चिमट्यानं एक अळी दिली, पिल्लानं ती गटकन खाल्ली. मग बल्बचा खोका दाखवला, त्यावर ठळक अक्षरांत 'यूव्हीबी 10.0'. उजेडाला छान जांभळट झाक. शिवाय लॅमिनेट केलेला सूचनांचा कागद: रोज मीलवर्म अळ्या, लेट्यूसची पानं, दिवा बारा तास. पेटीत लालभडक 'कॅल्शियम वाळू', पोटात गेली तरी विरघळते म्हणे. जिन्याखाली मात्र टोळ-रातकिड्यांच्या रिकाम्या डब्यांची छताला टेकेल अशी चळत होती. एका पिल्लाला एवढा शिधा लागत नाही.

महिनाभरातच पिल्लू पाय ओढायला लागलं. बोटं आपोआप थरथरायची. दगडावर चढायचं सोडून पोटावर पसरून राहायचं. सरपटणारे प्राणी बघणारी पशुवैद्य शोधावी लागली, साध्या कुत्र्या-मांजराच्या डॉक्टरांना यातलं फारसं कळत नाही. बाईंनी खालचा जबडा दोन बोटांत हलकेच दाबून पाहिला, तो रबरासारखा लवला. एक्स-रेत हाडं इतकी फिकट की आजूबाजूच्या मांसातून वेगळी ओळखू येईनात. पुढच्या पायात एक मोडलेलं आणि वाकडं जुळलेलं हाड होतं. जुळून आलेलं, म्हणजे आमच्या घरी येण्याआधीचं. 'हे महिन्याभराचं काम नाही,' बाई म्हणाल्या. आणि वयही तीन महिने नाही. वाढ खुंटलेलं, बरंच मोठं पिल्लू लहान म्हणून विकलं होतं.

मग त्यांनी बल्ब घेऊन यायला सांगितलं. त्यांच्याकडे यूव्ही निर्देशांक मोजायचं हातात मावणारं मीटर आहे. या प्राण्याला दिव्याखाली बसतो त्या जागी साधारण तीन ते पाच आकडा लागतो. आमचा बल्ब लावून मीटर अगदी खाली धरलं. आकडा शून्य. जवळ नेलं, तरी शून्य. खोक्यावर यूव्हीबी छापलेला तो एक जांभळट घरगुती बल्ब होता!

आता यातलं मर्म. अंगावर यूव्हीबी पडलं तर कातडीत ड-3 जीवनसत्त्व तयार होतं, ते असेल तर आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. नसेल तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडं पोखरत राहतं. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे फसवणाऱ्याला भीती नाही. झाक जांभळी असो की निळी, त्यावरून काहीच कळत नाही. खरी ट्यूबसुद्धा उजेड तसाच देत राहते आणि आतून यूव्हीबी घटत जातं, म्हणून ती साधारण वर्षाला बदलायची असते. सेकंडहँड सेटअपमधली ट्यूब किती जुनी हे विकणाऱ्यालाच ठाऊक. पुण्याला माझ्या भाच्यानं विचारलं की, मावशी, पेटी खिडकीपाशी ठेवली तर? काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. इथे तर ऑक्टोबर ते मार्च उन्हात दमच नसतो, आम्ही माणसंही हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो.

तो कागदही नीट वाचा, कारण असेच कागद सगळीकडे फिरताहेत. वाढत्या पिल्लाच्या आहारात किडे जास्त लागतात, मोठेपणी पालेभाजी जास्त. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आणि त्यावर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर भुरभुरायची. नुसत्या मीलवर्मवर ठेवू नये, त्यात चरबी जास्त. लेट्यूसमध्ये पाणीच पाणी. पालक चांगला वाटतो पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आम्ही रॉकेट आणि केल या पालेभाज्या, लाल भोपळा, कोथिंबीर देतो. अवाकाडो अजिबात नाही. वाळू पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं, तिथे आता साधा किचन रोल आहे. आणि कुणी 'जोडी घ्या, स्वस्तात देतो' म्हणालं तर घेऊ नका, पिल्लं एकमेकांची बोटं आणि शेपट्या तोडतात.

विकणाऱ्याला मेसेज केला तर त्यानं एक ओळ पाठवली, 'खाजगी विक्री आहे, पाहून घेतलंत', आणि ब्लॉक केलं. खाजगी विक्रीतही वस्तू सांगितल्यासारखी असावी लागते, पण ती गोष्ट अलाहिदा. थोड्याच दिवसांत तीच पेटी, तीच लाल वाळू, कोपऱ्यातला तोच तडा आणि दुसरं पिल्लू, दुसऱ्या नावानं जाहिरातीत. धंदाच आहे तो. इंग्लंडात 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकण्याचा धंदा करायला कौन्सिलचा परवाना हवा, आणि जाहिरातीत परवाना क्रमांक, प्राण्याचा फोटो आणि वय द्यावं लागतं. याच्या जाहिरातीत क्रमांक नव्हताच. स्क्रीनशॉट, एक्स-रे, मीटरचा फोटो असं सगळं कौन्सिलच्या परवाना विभागाला दिलं. स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, जाण्याआधीचं पत्र धाडल्यावर निम्मे पैसे खात्यात आले, सोबत शब्द नाही. डॉक्टरांचं बिल त्याच्या कितीतरी पट झालंय. कौन्सिलची चौकशी चालू आहे. पिल्लाला रोज तोंडानं कॅल्शियम चालू आहे, वाकलेला पाय सरळ होणार नाही.

घेणारच असाल तर पेटी जुनी चालेल, दिवा मात्र दुकानातून नवा घ्या आणि बसवल्याची तारीख ट्यूबवरच मार्करनं लिहा. पैसे देण्याआधी परवाना क्रमांक मागा, पिल्लाला चालताना पाहा, आणि विकणाऱ्याला सांगा की डॉक्टर बघून मगच नेणार. आमच्या गृहस्थाला हे एवढंच कुणी विचारलं असतं तर चहा झाला नसता.